रंग बोला, मग जोडा

भीमराजला जर्मनी मिळाली ही बातमी पिंपळे गुरवच्या त्या गल्लीत पसरायला अर्धा दिवसही लागला नाही, आणि त्याच दिवशी भीमराजची झोप उडाली. लोक पेढे मागत होते. कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यानं तर तिकडून येताना घड्याळ आणायचं आत्ताच सांगून ठेवलं. भीमराज सगळ्यांना हसून हो म्हणायचा आणि घरात शिरला की तांब्याभर पाणी घटाघटा प्यायचा. परदेशी जाताना माणसं थंडीला घाबरतात, भाषेला घाबरतात, विमानाला घाबरतात. हा गडी दोन रंगांना घाबरत होता.

त्याला लाल आणि हिरवा वेगवेगळे ओळखू येत नसत. आता अशी माणसं जगात ढिगानं आहेत. ती शाळेत शिकवतात, दुकानं चालवतात, सुखानं खातात-पितात. पण भीमराज पडला वायरमन. चाकणच्या एका कारखान्यात तो इलेक्ट्रिक पॅनल जोडायचा, म्हणजे मोठमोठ्या यंत्रांना वीज वाटून देणारी लोखंडी कपाटं. त्यात लाल वायर म्हणजे जिवंत वीज आणि हिरवी वायर म्हणजे अर्थ, जी कपाटाच्या अंगाला जोडतात आणि जिच्यामुळे हात लावणारा वाचतो. ह्या दोघींची अदलाबदल झाली तर वाचायचं कुणी आणि कसं? आणि नेमके हेच दोन रंग भीमराजला एकाच मळकट गोणपाटाचे वाटत. नशिबानं थट्टा करावी, पण तिला काही सुमार?

हे त्याला कळलं तेव्हा तो आयटीआयच्या दुसऱ्या वर्षाला होता. वडील नुकतेच गेले होते, आई जाईबाई चार घरची भांडी करत होती, आणि आता मला दुसरा ट्रेड द्या म्हणायची ती वेळ नव्हती. त्यानं तोंड मिटून घेतलं. मग ते मिटलेलंच राहिलं. वायर कुठल्या भेंडोळ्यातून निघाली, भेंडोळं कुठल्या खुंटीला होतं, शेजारचा काय म्हणाला, अशा आधारांवर तो पास झाला आणि नोकरीलाही लागला.

नोकरीत त्याला तारलं ते विक्कीनं. विक्की जालन्याकडचा, हेल्पर म्हणून आला होता आणि भीमराजच्या हाताखाली दिला गेला. पॅनलचं काम जोडीनं चालतं: एकजण वायर कापून देतो, दुसरा आत वाकून बसवतो. आल्यानंतर थोड्याच दिवसांत विक्कीनं पाहिलं की हा माणूस वायर हातात घेतो, ट्यूबलाइटखाली धरतो आणि उगाच घसा खाकरतो. पुढची वायर देताना विक्की स्वतःशीच म्हटल्यासारखं म्हणाला, "लाल." मग, "हिरवा, बॉडीला." तेव्हापासून तो प्रत्येक वायर देताना तिचा रंग बोलू लागला. का बोलतोस असं भीमराजनं कधी विचारलं नाही आणि विक्कीनंही कधी सांगितलं नाही.

गंमत पुढेच झाली. ह्या जोडीचं काम चुकत नाही हे सुपरवायझर सोपानरावांच्या ध्यानात आलं. त्यांनी उभं राहून ऐकलं, मान डोलावली, आणि वर कळवलं की आपल्या पोरांनी एक नवी पद्धत काढलीय. वरच्यांना असं काहीतरी हवंच असतं. कारखान्याच्या सुधारणा स्पर्धेत भीमराजला पहिलं बक्षीस मिळालं. जोडणी चालायची त्या शॉपच्या भिंतीवर त्याचा हार घातलेला फोटो लागला आणि खाली मोठ्या अक्षरांत पाटी: 'रंग बोला, मग जोडा.' रोज सकाळी शिफ्ट सुरू होताना सगळे ओळीत उभे राहून हे वाक्य मोठ्यानं म्हणू लागले. भीमराजही म्हणायचा. जिवंतपणी हार घातलेल्या आपल्याच फोटोकडे बघत म्हणायचा, आणि प्रत्येक वेळी त्याला वाटायचं की आज कुणीतरी हसणार.

जर्मनीवाल्यांनाही तो आवडला ह्याच पाटीमुळे. तिकडच्या एका लहानशा गावात पॅनलचाच कारखाना होता. मुलाखतीला संगणकावर एक बाई आल्या. त्यांनी ही पद्धत समजावून घेतली, लिहून घेतली, आणि अशीच शिस्तीची माणसं आम्हाला हवीत असं म्हणाल्या. त्या क्षणी खरं सांगायचं सोडून भीमराजनं 'डांके', म्हणजे आभारी आहे, म्हणून मान लववली.

ह्या सगळ्याच्या मागे उभी होती दिपाली. ही त्याची बायको एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घ्यायची, आणि सुई जितक्या सफाईनं शिरेत घालायची तितक्याच सफाईनं तिनं हे जर्मनीचं काम अंगावर घेतलं होतं. आयटीआयच्या सर्टिफिकेटाचं भाषांतर, तिकडच्या कचेरीकडून त्याला मान्यता, चिंचवडचा भाषेचा क्लास, व्हिसासाठी मुंबईची तारीख, तिथल्या खोलीचं आगाऊ भाडं. खर्चासाठी तिनं लग्नातल्या पाटल्या मोडल्या आणि त्याबद्दल एक अवाक्षर काढलं नाही. आधी भीमराजनं जायचं, वर्षभरानं तिनं आणि त्यांच्या मुलीनं, पिंकीनं. तिथं वृद्धाश्रमात काम मिळतं हे तिनं क्लासमधल्या बायकांकडून पक्कं करून घेतलं होतं. जाईबाई म्हणायच्या, मी हितंच बरी. त्यावर दिपाली म्हणायची, बघू ते. तिचा उत्साह बघितला की भीमराजला आणखीनच धडकी भरायची.

रोज संध्याकाळी ती त्याची उजळणी घ्यायची. पिंकी पहिलीत होती, तिची खडूंची पेटी मध्ये ठेवायची. दिपाली एक खडू उचलून विचारायची, हा कुठला? निळ्याला तो ताडकन 'ब्लाऊ' म्हणायचा. निळ्यात तो जन्मात चुकला नव्हता. पिवळ्याला 'गेल्ब' म्हणायचा. आणि मग तिच्या हातात ते दोन खडू यायचे, आणि तो कधी 'रोट' म्हणायचा, कधी 'ग्र्यून', आणि निम्म्या वेळा चुकायचा. पिंकी टाळ्या पिटायची. दिपाली कपाळाला हात लावायची. एवढी कठीण क्रियापदं पाठ होतात आणि दोन साधे रंग तुमच्या डोक्यात का बसत नाहीत, असं ती रोज विचारायची, आणि तो रोज म्हणायचा, दमलोय आज.

मग तिकडून कळवलं की कामाला येणाऱ्याची डॉक्टरी तपासणी हवी: नजर, कान, पाठ आणि रंगांची ओळख. दिपालीनं ते शेवटचं वाक्य भाजीच्या भावासारखं वाचून पुढे नेलं. भीमराजच्या हातातला घास हातातच राहिला. तपासणीत नापास झालो तर जर्मनी जाईल, पाटल्यांचे पैसे बुडतील, आणि का नापास झालो हे फुटलं तर चाकणची नोकरीही जाईल. घरचं छप्परच उडालं म्हणायचं.

रंगांच्या तपासणीचं एक पुस्तक असतं. पानापानावर रंगीत ठिपके, आणि ठिपक्यांत लपलेला आकडा. भीमराजला नुसते ठिपके दिसायचे. त्यानं मोबाइलवर ते पुस्तक शोधलं आणि कंपनीच्या बसमध्ये, मोशीच्या ट्रॅफिकमध्ये अडकून पडलेला असताना, आकडे ओळीनं पाठ केले. बारा, आठ, सहा, एकोणतीस, सत्तावन्न. रविवारी विहारात आईशेजारी बसून पंचशील म्हणताना चौथ्या शीलाला त्याची जीभ अडखळली. खोटं बोलण्यापासून दूर राहीन हे तो लहानपणापासून म्हणत आला होता. त्या दिवशी त्यानं तिथं नुसते ओठ हलवले.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी पुस्तक काढलं. त्यांनी ते मधूनच उघडलं तर संपलं, एवढं एकच त्याच्या डोक्यात होतं. त्यांनी पहिलं पान उघडलं. तो बोलू लागला. एका ठिकाणी तर पान पुरतं उलटायच्या आधीच त्यानं आकडा सांगून टाकला. बाई थांबल्या. त्यांनी चष्म्यावरून त्याच्याकडे पाहिलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला, आणि फोनवर बोलता बोलताच त्यांनी कागदावर शिक्का मारला.

पास झाल्यावर भीती जायला हवी होती. ती दुप्पट झाली. आतापर्यंत त्याला पकडले जाण्याची भीती होती. आता त्याला दिसू लागलं ते परक्या गावातलं कपाट, आत वाकलेला तो, आणि शेजारी कुणी नाही. तिथे विक्की नव्हता. तिथे त्यानं चूक केली तर ती कुणाच्या तरी हाताला लागणार होती, आणि त्या माणसाचं नावही त्याला धड उच्चारता आलं नसतं. चालता चालता तो मध्येच थांबायचा आणि आपल्याच तळव्यांकडे बघायचा.

शेवटी त्यानं एक युक्ती काढली, आणि ती काढताना स्वतःला फार शहाणा समजला. चहाच्या सुट्टीत विक्कीला बाजूला घेऊन म्हणाला, उद्यापासून रंग बोलू नकोस. तिकडे मला एकट्यालाच करायचंय, आत्ताच सवय करतो.

विक्कीनं कपातला चहा हलवला. "भावा, नको," म्हणाला.

"तुला माझी शपथ आहे."

विक्कीनं उरलेला चहा ओतून दिला. दुसऱ्या दिवसापासून त्यांच्या टेबलाजवळ शांतता पसरली. भीमराज वायर घ्यायचा, भेंडोळ्याची खुंटी बघायचा, वायर उजेडात फिरवायचा. त्याच्या मते त्या दोन्हींतली एक जरा जास्त चकाकायची. संध्याकाळी पॅनल टेस्टिंगला जायचं आणि काही न बोलता पास होऊन यायचं. एक दिवस गेला, आठवडा गेला, दुसराही निम्मा सरला. एकही चूक नाही. भीमराजला पहिल्यांदाच नीट झोप लागली. दिपालीनं मुंबईच्या तारखेची आठवण केली तेव्हा त्यानं चक्क आपणहून विचारलं की थंडीचे कपडे तुळशीबागेतून घ्यावेत की तिकडेच.

महिनाअखेर आली. महिनाअखेरीला चाकणमधल्या कुठल्याही कारखान्यात माणसं चालत नाहीत, पळतात. माल त्याच दिवशी गेटबाहेर पडायला हवा असतो. ट्रक येऊन उभा होता. विक्की चहाला गेला होता, आणि भीमराजनं जोडून संपवलेलं पॅनल दोघा हेल्परांनी ढकलत टेस्टिंगला नेलं. टेस्टिंगला दादासाहेब होते, निवृत्तीला आलेले, नातवंडांच्या गोष्टी सांगणारे. आधी मीटर लावून बॉडी तपासायची आणि मगच वीज सोडायची हा नियम. पण ट्रकवाला हॉर्न देत होता आणि भीमराजच्या पॅनलमध्ये कधी चूक निघत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. दादासाहेबांनी मीटर बाजूला ठेवलं. त्यांचा डावा हात पॅनलच्या दाराच्या कडीवर होता आणि उजवा बटणाकडे निघाला होता.

"दादा, हात काढा."

विक्की दारातूनच ओरडला होता. तो धावत आला, त्यानं दादासाहेबांना धरून मागे ओढलं आणि मीटरच्या तारा लावल्या. मीटर वाजू लागलं आणि वाजतच राहिलं. लाल वायर अर्थच्या पट्टीवर बसली होती. बटण दाबलं असतं तर ते अख्खं कपाट जिवंत झालं असतं, आणि कडीवर दादासाहेबांचा उघडा हात होता.

दादासाहेब खुर्चीवर बसले आणि आपला डावा हात उजव्या हातानं चोळत राहिले. सोपानराव आले, त्यांनी आत डोकावून पाहिलं. मग ते विक्कीवर तुटून पडले. वायर देताना रंग बोलायचं काम कुणाचं? भिंतीवर पाटी कशाला लावलीय? भीमराजची चूक असेल असं त्यांच्या मनातसुद्धा आलं नाही. फोटो होता ना त्याचा. विक्की खाली मान घालून म्हणाला, "माझंच चुकलं, साहेब." भीमराजनं तोंड उघडलं. मग ते मिटून घेतलं. खरं सांगायचं तर त्याला मुंबईची तारीख आठवली.

शिफ्ट सुटल्यावर त्यानं विक्कीला सायकल स्टँडपाशी गाठलं. तुला कसं कळलं, असं विचारलं.

विक्की त्याच्याकडे न बघता म्हणाला, "मी रोजच बघतो राव. तू हात धुवायला गेला की. आज चहाला गेलो तवर त्यांनी पॅनल नेलं."

भीमराजला ते समजायला वेळ लागला. "म्हणजे ह्याच्या आधीपण चुकलं होतं?"

"व्हय."

"किती वेळा?"

"मोजलं न्हाई," विक्की म्हणाला आणि सायकलचं कुलूप काढू लागला.

बसमध्ये भीमराज खिडकीला डोकं टेकून बसला. त्याला एवढी भीती आयुष्यात कधी वाटली नव्हती. नापास होण्याची नाही, पाटल्यांची नाही. ज्या रात्री तो निवांत झोपला होता त्या प्रत्येक रात्रीची त्याला आता भीती वाटत होती.

घरी दिपाली व्हिसाचे कागद एकावर एक लावत होती. पिंकीनं खडूंची पेटी आधीच उघडून ठेवली होती. भीमराजनं डबा ठेवला, चप्पल काढली नाही, आणि तिथंच उभा राहून म्हणाला, "मला लाल आणि हिरवा कळत नाही. पहिल्यापासून."

दिपालीला आधी ते थट्टेसारखं वाटलं. मग तिनं त्याच्या तोंडाकडे पाहिलं. पेटीतला एक खडू उचलून वर धरला. त्यानं मान हलवली. दुसरा धरला. त्यानं पुन्हा मान हलवली. पिंकी म्हणाली, पप्पा, सोप्पं आहे की, आणि जाईबाईंनी तिला उचलून आत नेलं.

"लग्नात माझी साडी कुठली होती?" दिपालीनं विचारलं.

"पांढरी."

"ती तर आपल्यात सगळ्यांचीच पांढरी असते," ती म्हणाली. मग तिनं हातातले दोन खडू शेजारी शेजारी धरले. "म्हणजे जर्मन येत होतं तुम्हाला."

त्याला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर रडूही. खाली बसून त्यानं सगळं सांगितलं, डॉक्टरबाईंचं पुस्तक, विक्कीला घातलेली शपथ, दादासाहेबांचा हात. जर्मनीसाठी ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. ती चिडली, पण भलत्याच गोष्टीवर.

"इतकी वर्षं रोज सकाळी डबा भरून मी तुम्हाला कुठं पाठवत होते?"

ती उठली, तोंडावर पाणी मारून आली आणि लावलेल्या कागदांतून डॉक्टरी दाखला वेगळा काढला. हा जाणार नाही, म्हणाली. मुलाखत घेतलेल्या जर्मनीच्या बाईंना आज खरं कळवायचं, उद्या सोपानरावांना. तिकडून नकार आला तर आला. पाटल्यांचं ती बोलली नाही, आणि न बोललेलं त्याला जास्त लागलं. दोघांनी मिळून जर्मन भाषेत पत्र लिहिलं. त्यात त्यानं कबूल केलं की दाखला खोटा आहे. पुढे लिहिलं, तुमच्याकडच्या अर्थच्या वायरीवर हिरवा-पिवळा पट्टा असतो, तेवढी तरी मला ओळखू येईल असं वाटतं. बाकीचं खात्रीनं सांगू शकत नाही. आणि ती पद्धत माझी नव्हे, विक्कीची. पाठवायच्या बटणावर त्यानं बोट ठेवलं. दिपालीनं त्याच्या बोटावर आपलं बोट ठेवलं आणि दाबलं.

सकाळी शिफ्टच्या आधी सगळे ओळीत उभे राहिले. सोपानरावांनी विक्कीला पुढे बोलावलं होतं. त्यानं सगळ्यांसमोर माफी मागायची आणि मग त्याला जोडणीवरून काढून पॅकिंगला टाकायचं, असं ठरलं होतं. विक्की पाटीखाली उभा राहिला. त्यानं बोलायला सुरुवात करण्याआधी भीमराज ओळीतून बाहेर आला.

"वायर मी चुकवली," तो म्हणाला. "मला लाल आणि हिरवा सारखाच दिसतो. विक्कीला गप्प राहायची शपथ मी घातली होती. इतकी वर्षं तो बोलत होता म्हणून माझं काम होत होतं."

सोपानराव आ वासून बघत राहिले. त्यांनी भिंतीवरच्या फोटोकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "आरं, मग हे बक्षीस..." एवढं म्हणून ते थांबले. दादासाहेब मागच्या ओळीत होते. भीमराजला त्यांच्याकडे बघायचं धैर्य होईना, तरी त्यानं बघितलं. म्हाताऱ्यानं डावा हात खिशात घातला होता. तो त्यानं बाहेर काढला नाही आणि नजरही दिली नाही.

वरून निरोप येईपर्यंत भीमराजला जोडणीवरून उठवलं आणि शॉपच्या दुसऱ्या टोकाला स्क्रूच्या पिशव्या भरायला बसवलं. निरोप काय येणार हे तोही ओळखून होता. जर्मनीचं उत्तर आलं नव्हतं. तो पिशव्या भरत राहिला.

विक्कीला त्याच्या टेबलावर ठेवलं होतं आणि जोडीला एक नवीन माणूस दिला होता. त्याचे डोळे धडधाकट होते, कान त्याहून चांगले, आणि तो विक्कीपासून हातभर अंतरावर होता. तरी विक्कीनं पहिली वायर उचलली आणि सगळ्या मशिनींच्या आवाजावर, शॉपच्या दुसऱ्या टोकापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाला, "लाल."

भीमराजनं हातातली पिशवी खाली ठेवली आणि पुढच्या रंगासाठी कान दिला.